होळी झाली की भातसावर मासा लागत नाही: दरवर्षीचा प्रॉब्लेम, आणि मी काय काय चेक करतो

दरवर्षी तेच होतं. नोव्हेंबर-डिसेंबरला शहापूरजवळच्या भातसा धरणाच्या ज्या काठावर गळ टाकून रोहू, मृगळ मिळाले त्याच काठावर मार्चमध्ये जावं तर पहाटे सहापासून दुपारी बारापर्यंत फ्लोट जागचा हलत नाही. मग ओळखीतले सगळे मला विचारतात, आमिष कुठलं लावू, पेंडीत काय मिसळू, हुक बारीक करू का. मी कळव्याला राहतो आणि गेली बरीच वर्षं माजिवडा-पडघा-शहापूर असा रविवारचा रस्ता धरतोय, त्यातले पहिले तीन-चार उन्हाळे मीपण फक्त आमिषच बदलत बसलो. शेंगदाण्याची पेंड झाली, भाजलेल्या मेथीची पूड झाली, मध झाला, पावाचा गोळा झाला, गांडूळ झालं, काही उपयोग झाला नाही. कारण बिघाड आमिषात नव्हताच, पाण्यात झाला होता. म्हणून सांगतो, मार्च-एप्रिलमध्ये मासा लागत नसेल तर आमिष सगळ्यात शेवटी तपासा. आधी पाणी तपासा.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. जलाशयातली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, म्हणजे तिथला मासा हा कुणाच्यातरी घरचा रोजगार आहे. संस्थेच्या माणसांना विचारून, त्यांची परवानगी घेऊनच बसायचं, आणि धरणाच्या भिंतीजवळ तर अजिबात जायचं नाही. हे जमत नसेल तर पुढचं वाचून काही फायदा नाही.

आता मुळात घोळ कुठे होतो ते बघा. आपण मोबाईलवर व्हिडिओ बघतो, बहुतेक अमेरिका-कॅनडाकडचे, लेक इरी, लेक ओंटारियो असले समुद्राएवढे तलाव आणि त्यांना मिळणाऱ्या नद्या. तिकडे वसंत म्हणजे बर्फ वितळतो, पाणी ४ डिग्रीच्या आसपास असताना सगळ्यात जड असतं त्यामुळे वरचं खालचं पाणी एकमेकांत मिसळतं, मग उथळ काठ आधी तापतो आणि थंडीने सुस्त पडलेला मासा उबेसाठी, खाण्यासाठी, अंडी घालायला काठाला येतो. स्टीलहेड ट्राउट नदीत चढतो, वॉलाय खडकाळ उथळ पाण्यात येतो. तिथला माणूस बरोबरच सांगतोय की वसंतात उथळ पाण्यात टाका, आणि नदीच्या तोंडाशी टाका. पण आपल्याकडे मार्चमध्ये बर्फ कुठला वितळतोय? आपलं उथळ पाणी तोवर ऑलरेडी तापलेलं असतं, रोज आटत असतं, आणि नदीच्या तोंडाशी वरून येणारा ओहोळ कोरडा पडलेला असतो. थोडक्यात तिकडचा सल्ला इकडे एकदम उलटा बसतो. हे माझ्या डोक्यात शिरलं त्या दिवसापासून फरक पडला.

तर पहिली तपासणी, पाण्याची पातळी. ही सगळ्यात महत्त्वाची म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भातसा हे मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतलं सगळ्यात मोठं, सातही भरले की १४,४७,३६३ दशलक्ष लिटर साठा धरतात त्यातला ७,१७,०३७ एकट्या भातसाचा, म्हणजे जवळजवळ निम्मा. हे पाणी पावसाळा संपल्यापासून रोज उपसलं जातं आणि वरून भर काहीच नाही, त्यामुळे काठ सतत खाली सरकत राहतो. भरलेल्या तलावाची पातळी १४२.०७ मीटर. रोजची पातळी पालिका जाहीर करते, पेपरात येते, फोनवर मिळते, फुकट आहे. आपण मात्र ती फक्त पाणीकपातीच्या बातमीसाठी बघतो. ती गळासाठी बघा. समजा आजची पातळी १३० आहे, म्हणजे तलाव भरल्यापेक्षा १२ मीटर खाली गेलाय, आणि तुमचा सप्टेंबरचा लाडका स्पॉट तेव्हा ८ मीटर खोल होता, तर तो आता पाण्याच्या वर ४ मीटर कोरडा पडलाय आणि तुम्ही त्याच्याखाली, भलत्याच जागेसमोर बसलाय! नजरेला समोरचा डोंगर तोच दिसतो, ते झाड तेच, म्हणून आपल्याला वाटतं जागा तीच आहे.

मी काय करतो, प्रत्येक ट्रिपला फोनच्या नोट्समध्ये चार गोष्टी टाकतो: तारीख, पातळी, मासा किती खोलीवर लागला, किती वाजता. दोन वर्षांत एवढा डेटा जमला की आता पातळी बघून मी घरूनच ठरवतो कुठल्या बाजूला गाडी लावायची.

पाणी खाली गेलं की मासा कुठे जातो? जिथे धरणाआधी नदी वाहत होती तिकडे. जुन्या पात्राला कडा असते, एकदम खोल उतार, मासा त्या कडेला धरून राहतो, कारण दोन हात वर गेलं की खायला आणि दोन हात खाली गेलं की लपायला. शिवाय पाण्याखाली गेलेले शेताचे बांध, जुना गाडीरस्ता, झाडांचे बुंधे, आणि जिथे आटलेला ओहोळ जुन्या पात्राला मिळतो तो कोपरा. हे शोधायला महागडं मशीन लागत नाही. नुसतं शिसं बांधून दोरी फेकायची आणि तळाला लागेपर्यंत मनात आकडे मोजायचे, पंख्यासारखं डावीकडून उजवीकडे आठ-दहा फेक्या, जिथे आकडा पाचवरून एकदम अकरावर जातो तिथे कडा आहे. शिसं ओढताना हाताला पण कळतं, गाळ असेल तर जड आणि मऊ येतं, दगड असेल तर टकटक लागते.

आणि हे तर कराच, एप्रिल-मेमध्ये तलाव आटलेला असताना मासा नाही मिळाला तरी काठाने चालत जा आणि उघड्या पडलेल्या जमिनीचे फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा. सप्टेंबरला पाण्याखाली काय असणार त्याचा नकाशा तेव्हा समोर उघडा पडलेला असतो. माझे सगळे पावसाळ्यानंतरचे चांगले स्पॉट असेच उन्हाळ्यात पायी फिरून मिळालेत.

फक्त चालताना जपून. पाणी नुकतंच उतरलेल्या काठावर वरून पापुद्रा धरलेला वाळका गाळ दिसतो आणि खाली मांडीएवढं ओलं असतं. माझा एक मित्र असाच कमरेपर्यंत रुतला होता, आम्ही तिघे होतो म्हणून ओढून काढला, एकटा असता तर काय झालं असतं याचा विचार अजून नको वाटतो. काठी पुढे खुपसून बघितल्याशिवाय पाय टाकायचा नाही, आणि एकटं जायचं नाही.

पातळी झाली. जागाही बरोबर आहे, तरी मासा नाही. मग दुसरी तपासणी, तापमान आणि ऑक्सिजन.

पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम, २५ ला ८.३ आणि ३० ला ७.५ च्या आसपास. त्याच वेळी माशाचं अंग पाण्याबरोबर तापतं, त्याची गरज वाढते. म्हणजे गरज वाढतेय आणि पुरवठा घटतोय. थंडीत आपल्याकडे वरचं पाणी रात्री गार होऊन खाली बसतं, खालचं वर येतं, सगळं ढवळलेलं असतं, मासा कुठेही मिळतो. मार्चपासून मात्र ऊन वरचा थर तापवतं, गरम पाणी हलकं असल्याने वरच तरंगत राहतं, खालचं गार पाणी वेगळं पडतं आणि त्याला हवेचा संपर्कच राहत नाही. तळाला पालापाचोळा कुजतो तो उरलेला ऑक्सिजन खाऊन टाकतो. म्हणून पातळीचं गणित कळलेला माणूस दुसरी चूक करतो, सगळ्यात खोल जागा शोधतो आणि तिथे तळाला गळ सोडतो. तिथेपण काही नाही. ओळखायची सोपी खूण सांगतो, तळाला लागलेलं शिसं वर काढा, त्याला काळा गाळ असेल आणि नासलेल्या अंड्यासारखा वास येत असेल तर त्या तळाला मासा नाही, उठा तिथून, नाहीतर गळ बराच वर घ्या. दुपारी वर गरम, तळाला गुदमर, मासा मधल्या पट्ट्यात. त्यामुळे सरकता फ्लोट लावून दर वीस मिनिटांनी खोली बदलत जायचं, एका खोलीवर तीन तास बसायचं नाही.

थर्मामीटर मत्स्यालयाच्या दुकानातला साधा चालतो. लहान तोंडाच्या बाटलीत घालायचा, बाटलीला शिसं आणि दोरी, तोंडाला वेगळ्या दोरीचं सैल बूच, पाहिजे त्या खोलीवर सोडून बूच ओढायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि भर्रकन वर घेऊन वाचायचं. बाटलीत तिथलं पाणी राहतं म्हणून आकडा लगेच बदलत नाही. रोहू-कटला साधारण २५ ते ३० मध्ये चांगला खातो, त्यामुळे फेब्रुवारीत उलट परिस्थिती असते हेही लक्षात ठेवा: शहापूरकडे पहाटे बऱ्यापैकी थंडी असते, तेव्हा साडेपाचला अंधारात जाऊन कुडकुडण्यापेक्षा दहा-अकरानंतर ऊन लागलेला काठ जास्त देतो. एप्रिलमध्ये बरोबर याच्या उलटं, पहाट आणि संध्याकाळ.

पण पहाटेचा नियम हिरव्या पाण्याला लागू नाही. लहान तळं, बंधाऱ्यामागचं साचलेलं पाणी, खाण, असं पाणी मार्चनंतर शेवाळाने मूगडाळीच्या पाण्यासारखं हिरवं होतं. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ओढतं, त्यामुळे सूर्य उगवायच्या वेळेला पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी. पहाटे मासे तोंड वर काढून भपभप करताना दिसले की लोक खूश होतात, वाटतं खायला आलेत. ते खायला आलेले नाहीत, श्वासाला आलेत. त्यांच्यासमोर कितीही पेंड टाका, घेणार नाहीत, वर कुजून पाणी अजून खराब होईल ते वेगळंच. तिथे आठ-साडेआठनंतर ऊन चढू द्या. मरळ तेवढा अपवाद, तो हवेतून पण श्वास घेतो, त्याला त्या पाण्याचं काही वाटत नाही.

वारा. दुपारनंतर आपल्याकडे समुद्राकडून, पश्चिमेचा वारा सुटतो आणि तो आत शहापूरपर्यंतही पोचतो. आपण पाठीवर वारा घेऊन बसतो कारण फेक लांब जाते. उन्हाळ्यात तोंडावर वारा घ्या. वारा वरचं पाणी आणि त्यातले बारीक जीव समोरच्या काठाला ढकलतो, लाटा आपटून हवा मिसळते, आणि कटला त्या बारीक जीवांच्या मागे येतो. फेक कमी जाईल, चालेल, मासा जवळ आलेला असतो.

आता मासा कुठला हवाय त्यावर. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला, हे मत्स्यशेतीवाल्यांना पाठ असतं आणि गळवाले विसरतात. तळाला पेंडीचा गोळा ठेवून कटल्याची वाट बघणारे मी दर रविवारी बघतो.

आणखी दोन गोष्टी ज्यांच्यामुळे लोक वेडे होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काठाच्या गवतात मोठी खळबळ होते, पाठी दिसतात, शेपट्या आपटतात, आणि गळाकडे कुणी ढुंकून बघत नाही. तो बहुतेक सायप्रिनस (कॉमन कार्प) असतो, त्याची अंडी चिकट, गवताला चिकटवायला तो या दिवसांत उथळात येतो. तेव्हा तो खाण्याच्या मूडमध्ये नसतो. त्याला तिथे त्रास देऊ नका, त्या गवतापासून वीस-पंचवीस फूट बाहेर खोल पाण्यात टाका, काम झालेले मासे तिथे भुकेले फिरतात. दुसरी चिलापी, म्हणजे तिलापिया. पाणी तापलं की उथळ तळाला ताटलीसारखे गोल खड्डे दिसायला लागतात, ती नराने केलेली घरटी. नर रागाने गळावर येतो. मादी मात्र अंडी-पिल्लं तोंडात धरते, ती काहीच खात नाही, त्यामुळे समोर दहा चिलापी दिसतात आणि एखादीच लागते यात तुमचं काही चुकत नाहीये.

नदीवर बसणाऱ्यांसाठी. भातसा धरणाचं पाणी पाइपातून नाही, नदीच्या पात्रातूनच खाली सोडतात, ते पिसे बंधाऱ्याला उचलून पांजरापूरला शुद्ध होतं. म्हणून भर उन्हाळ्यात शेजारची काळू वरच्या भागात डोहाडोहात तुटते तेव्हा भातसा नदी वाहत असते. उल्हासचं पण तसंच काहीसं, भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी आणि बारवी धरणाचं पाणी तिला वाहतं ठेवतं. आता याचा गळाशी संबंध असा की इथली पाण्याची चढउतार पावसावर नाही, माणसाच्या हातावर आहे. सकाळी घोट्याएवढं पाणी दुपारी गुडघ्याएवढं होऊ शकतं. पाणी चढायला लागलं की पहिला अर्धा-पाऊण तास मासा चांगला खातो कारण काठावरचे किडे-गांडूळं वाहून येतात, आणि उतरायला लागलं की तो डोहात मागे सरकतो आणि तोंड मिटतो. मी काठाला एक काडी रोवतो, पाणी लागतं तिथे खूण करतो, बस. काडी सांगते थांबायचं की डोहाकडे सरकायचं. आणि काडीवर पाणी चढताना दिसलं तर मधल्या खडकावरून आधी काठाला या, मासा राहू दे. पाणी मागून येतं तेव्हा आवाज होत नाही.

धरणातून सुटलेलं पाणी गार असतं, हात घातला तरी कळतं. धरणाच्या जवळच्या टप्प्यात त्यामुळे मासा सुस्त, खाली पाच-सात किलोमीटर गेलं की पाणी उन्हाने जरा कोमट होतं, खडकांवर आपटून हवा मिसळते, तिथे बसा. उल्हासवर रायते-मोहनेकडे जलपर्णी दाटली असेल तर तिच्या मधल्या मोकळ्या खिडकीत टाकू नका, खाली सावली आहे पण हवा नाही. तिच्या वाहत्या पाण्याकडच्या कडेला टाका.

कोलशेत-बाळकुमला खाडीवर बसणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तिथे भरती-ओहोटी बघा, पातळी-तापमान नंतर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार गढूळ आणि ओढीचं, शिसं टिकत नाही, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला) पाणी इतकं शांत की मासा फिरत नाही, मधले दोन-तीन दिवस मला बरे वाटतात. उन्हाळा वाढत जातो तसं वरून गोडं पाणी कमी येतं आणि खारं पाणी आत सरकतं, म्हणून जिताडा, बोय यांच्या जागा पण मार्चपासून वर सरकतात. जानेवारीच्या जागेवर हट्टाने बसू नका.

एवढं सगळं बघून झाल्यावर आमिष. त्याचं फार काही नाही. गरम पाण्यात गोळा लवकर सुटतो म्हणून थोडं घट्ट मळा, चारा कमी मारा, मूठभर, कारण अर्धपोटी माशाला तेवढंच पुरतं आणि जास्तीचं तळाला कुजतं. पेंड शिळी आंबलेली नको. दोरी नेहमीपेक्षा एक नंबर बारीक घ्या, कारण पाणी नितळ झालेलं असतं. झालं.

संस्थेचे एक वयस्कर मच्छीमार आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मागे मी त्यांना विचारलं, मामा, तुम्ही मार्चमध्ये जाळं कुठे लावता? ते म्हणाले, "पाणी जिथं जातंय तिथं. मासा पाण्याला सोडून राहतो का?" मग स्वतःच होडीत बसवून जुन्या पात्राची कडा दाखवली. अशी माणसं काठावर असतात, त्यांच्याशी चार शब्द बोला, त्यांच्या जाळ्यावरून गळ ओढू नका, तुटलेली दोरी तिथे टाकून येऊ नका, ती पक्ष्यांच्या पायाला अडकते.

आणि एप्रिलच्या शेवटी मी जलाशयावरचं बंद करतो. तेव्हा रोहू, मृगळाच्या माद्या पोटात अंडी धरायला लागलेल्या असतात, हात लावला तरी पोट भरलेलं लागतं, आणि पहिल्या पावसात पाणी वाहायला लागलं की त्याच चढणीला, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर, निघणार असतात. चुकून लागलीच तर हात ओला करून हुक काढायचा, पाण्यात धरून ठेवायचं, ती स्वतः शेपटी मारेपर्यंत, आणि सोडून द्यायची. लोक म्हणतात एकीने काय होतंय. एका मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात, म्हणून सोडतो.